टीपीएनवरच्या रुग्णावर टीमने लक्ष कसं ठेवायचं

टीपीएनवर असलेल्या, म्हणजे सगळं पोषण शिरेतून घेणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये आकडे भरपूर असतात. फॉस्फेटचा नमुना सकाळी सहाला गेलेला असतो, साडेनऊला रिपोर्ट येऊन पडलेला असतो, आणि संध्याकाळी नवी बॅग मात्र कालच्याच रेटने लागते. रिपोर्ट कोणी पाहायचा आणि पाहून काय करायचं हेच ठरलेलं नसतं. ब्रिटनमध्ये २०१० साली अशा रुग्णांच्या देखरेखीची राष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रौढ रुग्णांपैकी फक्त १९ टक्के रुग्णांची काळजी चांगल्या दर्जाची आढळली. तपासण्या वाढवून हे सुधारत नाही. प्रत्येक आकड्याला एक मालक हवा, एक वेळ हवी आणि तो बिघडला तर काय करायचं हे आधीच लिहिलेलं हवं. खालची पद्धत त्यासाठी आहे. ती प्रौढ रुग्णांची आहे. नवजात आणि लहान मुलांचे आकडे वेगळे असतात, ते इथून उचलू नयेत.

कोणाकडे काय

टीम मोठी लागत नाही. एक डॉक्टर, एक आहारतज्ज्ञ, एक फार्मासिस्ट आणि लाईनची (शिरेत घातलेल्या नळीची) जबाबदारी घेणाऱ्या सिस्टर, एवढे चौघे पुरतात. मायक्रोबायोलॉजिस्ट आणि लॅब फोनवर मिळाली की झालं.

सिस्टरकडे वजन, इनटेक-आउटपुट, बोटाची शुगर, ताप, लाईनची जागा आणि पंपाचा रेट. आहारतज्ज्ञाकडे दिवसाची एकूण ऊर्जा आणि प्रथिनं. हा हिशोब फक्त बॅगेचा नसतो: प्रोपोफॉल (चरबीत मिसळलेलं गुंगीचं औषध) चालू असेल तर त्याच्या दर मिलिलिटरमागे १.१ किलोकॅलरी धरायच्या, दुसऱ्या लाईनमधलं डेक्स्ट्रोज धरायचं, तोंडाने किंवा नळीने जाणारं धरायचं. फार्मासिस्टकडे बॅगेतलं मिश्रण, कशात काय मिसळतं आणि काय नाही, आणि आजची बॅग कालच्यापेक्षा वेगळी का आहे याचं उत्तर. डॉक्टरकडे इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले क्षार), लिव्हर, ट्रायग्लिसराइड आणि शेवटची सही.

प्रत्येकाच्या नावापुढे बदली माणसाचं नाव लिहायलाच हवं. शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालेलं टीपीएन सगळ्यात धोक्याचं, कारण रिफीडिंगचे (उपासानंतर पोषण सुरू होतानाच्या धोक्याचे) पहिले दोन दिवस नेमके सुट्टीचे येतात. रुग्णाची तातडीची गरज नसेल आणि शनिवार-रविवारी फॉस्फेट होणार नसेल तर सोमवारी सुरू करणं जास्त शहाणपणाचं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तोवर थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यायचं आणि इलेक्ट्रोलाइट्स भरून काढायचे. ते दिवस वाया जात नाहीत.

वेळ बॅगेवरून उलटी मोजायची. बॅग संध्याकाळी सहाला लागणार असेल तर ऑर्डर दुपारी बारापर्यंत फार्मसीत हवी, म्हणजे राउंड अकराच्या आत, म्हणजे रिपोर्ट दहापर्यंत, म्हणजे नमुना सहाला. नमुना नऊला गेला की त्या दिवशीची बॅग आंधळेपणानेच लागते. चौघांनी रोज पंधरा मिनिटं रुग्णाच्या पलंगाशी उभं राहायचं. फोनवरून केलेल्या राउंडमध्ये पायांवरची सूज दिसत नाही.

रुग्णाला एकच कागद: आडव्या रकान्यात दिवस, उभ्यात आकडे, आणि प्रत्येक दिवसाखाली दोन रिकाम्या ओळी, ‘कोणी पाहिलं’ आणि ‘काय बदललं’. काही बदललं नसेल तर ‘बदल नाही’ असं लिहायचं. ओळ कोरी असेल तर रिपोर्ट पाहिलाच नाही असं समजायचं.

पहिली बॅग लावण्याआधी

आतडं चालू असेल तर टीपीएन नको, हे पहिल्याच राउंडला विचारून घ्यायचं. मग वजन, उंची, गेल्या तीन ते सहा महिन्यांत वजन किती उतरलं आणि शेवटचं नीट जेवण कधी झालं ते लिहायचं. रक्तात सोडियम, पोटॅशियम, युरिया, क्रिएटिनिन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, शुगर, लिव्हर फंक्शन, ट्रायग्लिसराइड, हिमोग्राम, सीआरपी (शरीरातल्या दाहाचा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा).

लाईनचं टोक कुठे आहे हे एक्स-रेवर पाहून डॉक्टरने लिहून द्यायचं. सुपिरियर व्हेना काव्हा (शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) जिथे उजव्या कर्णिकेला मिळते तिथे ते हवं. हाताच्या साध्या शिरेतून द्यायचं असेल तर मिश्रणाची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) लिटरला साधारण ९०० मिलिऑस्मोलच्या आत हवी, नाहीतर शीर दोन दिवसांत लाल आणि कडक होते. सेंट्रल लाईनसाठी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या नळीसाठी) बनवलेली बॅग हाताच्या शिरेला लागणं ही नेहमी घडणारी चूक आहे, म्हणून बॅगेवर ‘फक्त सेंट्रल’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं. अनेक ल्युमेनची (आतल्या वेगवेगळ्या मार्गांची) लाईन असेल तर एक ल्युमेन टीपीएनसाठी राखून त्याला टॅग बांधायचा. त्यातून अँटिबायोटिक नाही, रक्त नाही, नमुनाही नाही.

पहिले ७२ तास

उपाशी शरीर चरबीवर चाललेलं असतं. अचानक ग्लुकोज मिळालं की इन्सुलिन वाढतं, आणि ते ग्लुकोजबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही पेशींमध्ये ओढून नेतं. साठा आधीच रिकामा असतो, त्यामुळे रक्तातली पातळी कोसळते. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं, तेही संपतं. मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात आणि सूज येते. फॉस्फेट फार खाली गेलं की श्वासाचे स्नायू थकतात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियममुळे हृदयाचे ठोके बिघडतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

धोका कोणाला, हे आधी ठरवता येतं. बीएमआय १६ पेक्षा कमी, तीन ते सहा महिन्यांत वजन १५ टक्क्यांहून जास्त उतरलेलं, दहा दिवसांहून जास्त जवळपास उपास, किंवा सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम कमी: यातलं एक असलं तरी रुग्ण धोक्याच्या गटात. बीएमआय १८.५ पेक्षा कमी, वजनात १० टक्क्यांहून जास्त घट, पाच दिवसांहून जास्त उपास, दारूचं व्यसन किंवा इन्सुलिन, केमोथेरपी, अँटासिड, लघवीच्या गोळ्या चालू असणं: यातली कोणतीही दोन असली तरी तेच.

अशा रुग्णाला दिवसाला किलोमागे १० किलोकॅलरींच्या वर सुरुवात करायची नाही. बीएमआय १४ पेक्षा कमी असेल किंवा पंधरा दिवसांहून जास्त उपास घडला असेल तर ५ किलोकॅलरी, आणि हृदयाचा मॉनिटर लावून. मग चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत, म्हणजे बहुतेक रुग्णांत किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांपर्यंत जायचं. थायमिन पहिल्या बॅगेच्या आधी, मागाहून नाही: दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅम, पहिले दहा दिवस.

आता हाच हिशोब पंपावर उतरवू. रुग्ण ४५ किलोचा, बारा दिवस पोटात काही नाही. पहिल्या दिवशी ४५० किलोकॅलरी. बॅग १५०० मिलिलिटरची आणि मिलिलिटरला १ किलोकॅलरी देणारी असेल तर ४५० मिलिलिटर चोवीस तासांत, म्हणजे ताशी १९ मिलिलिटर. चोवीस तासांनी उरलेलं हजारावर मिलिलिटर फेकून द्यायचं. इथेच एक गोष्ट निसटते. जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं बॅगेत घातली असतील तर रुग्णाला त्यातली ३० टक्केच मिळाली, बाकी बॅगेबरोबर कचऱ्यात गेली; आणि सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती. म्हणून रेट कमी असेपर्यंत जीवनसत्त्वं वेगळ्या छोट्या बाटलीतून, वेगळ्या लाईनने द्यावीत. हे फार्मासिस्टने पहिल्याच दिवशी डॉक्टरला विचारायचं. जीवनसत्त्वांशिवाय टीपीएन देणं किती महागात पडतं हे अमेरिकेत १९९७ मध्ये दिसलं: मल्टिव्हिटॅमिन इंजेक्शनचा देशभर तुटवडा होता, ती न मिळालेल्या रुग्णांना थायमिनअभावी रक्तात आम्ल साचवणारा लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस झाला. टीपीएनवरच्या रुग्णाचं लॅक्टेट वाढत असेल आणि कारण सापडत नसेल तर थायमिन आधी द्या, शोध मागाहून चालू ठेवा.

पहिले तीन दिवस फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दर बारा तासांनी. फॉस्फेट २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही नेहमीची पातळी. ते २ च्या खाली गेलं तर रेट वाढवणं थांबवायचं, ऊर्जा पुन्हा सुरुवातीच्या पातळीवर आणून साधारण ४८ तास तिथेच ठेवायची आणि फॉस्फेट शिरेतून भरायचं. १ च्या खाली गेलं तर ती इमर्जन्सी आहे. आकडा अजून नेहमीच्या मर्यादेत असला तरी पहिल्या पाच दिवसांत सुरुवातीपेक्षा ३० टक्क्यांनी पडला असेल तर ते गंभीर रिफीडिंगच समजायचं. ४.२ वरून २.८ आलेला रिपोर्ट लॅब ‘नॉर्मल’ म्हणून छापते. पण ही घट ३३ टक्के आहे. म्हणून कागदावर कालचा आकडा आजच्या शेजारीच दिसला पाहिजे. रिपोर्ट मिलिमोलमध्ये येत असेल तर ३.१ ने गुणून डेसिलिटरचा आकडा काढायचा. दोन लॅबचे रिपोर्ट एकाच रकान्यात मिसळू देऊ नका.

पोटॅशियम कितीही दिलं तरी वर येत नसेल तर मॅग्नेशियम पाहा. ते भरल्याशिवाय मूत्रपिंडं पोटॅशियम सोडत राहतात.

वजन रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी, शक्यतो त्याच कपड्यांत. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक किलोने वाढलेलं वजन हे पाणी असतं. नातेवाईक आनंदाने विचारतील, त्यांना तसंच नीट समजावून सांगा, आणि सलाईन किती चालू आहे ते मोजा.

शुगर

सुरुवातीला दर चार ते सहा तासांनी बोटाची शुगर, लक्ष्य १४० ते १८०. सलग दोनदा १८० च्या वर गेली तर इन्सुलिन. पण त्याआधी डेक्स्ट्रोज जास्त जातंय का ते पाहा. दिवसाचं डेक्स्ट्रोज मिलिग्रॅममध्ये घ्या, वजनाने भागा, मग १४४० मिनिटांनी भागा. ६० किलोच्या रुग्णाला २५० ग्रॅम जात असेल तर किलोमागे मिनिटाला २.९ मिलिग्रॅम येतं. ५ च्या वर जायचं नाही. आजारी शरीर त्याहून जास्त जाळू शकत नाही, उरलेलं लिव्हरमध्ये चरबी होऊन बसतं.

बॅगेत घालायचं इन्सुलिन रेग्युलरच, डेक्स्ट्रोजच्या ग्रॅममागे ०.०५ ते ०.१ युनिट, आणि ते फार्मसीतच. वॉर्डमध्ये टांगलेल्या बॅगेत काहीही टोचायचं नाही. शुगर अस्थिर असेल तर इन्सुलिन वेगळ्या पंपाने द्या, कारण बॅगेतलं इन्सुलिन मागे घेता येत नाही. शुगर पडली तर अख्खी बॅग उतरवावी लागते. दोन दिवस स्थिर असलेली शुगर कारण नसताना चढायला लागली तर तो अनेकदा संसर्गाचा पहिला इशारा असतो, ताप नंतर येतो.

नमुना चुकीचा तर सगळंच चुकीचं

शुगर ७५०, पोटॅशियम ६.८, सोडियम १२६, ट्रायग्लिसराइड आभाळाला, आणि रुग्ण शांतपणे पेपर वाचतोय. हा रिपोर्ट रुग्णाचा नाही, बॅगेचा आहे. नमुना टीपीएनच्या लाईनमधून किंवा त्याच हाताच्या वरच्या भागातून घेतला गेला. यावर विश्वास ठेवून इन्सुलिन दिलं तर निरोगी शुगर असलेल्या माणसाला हायपोग्लायसेमिया होतो, आणि असे अपघात खरोखर होतात. नियम सोपा: अनपेक्षित शुगरवर औषध देण्याआधी टीपीएन चालू नसलेल्या हाताच्या बोटाची शुगर, अनपेक्षित पोटॅशियमवर ताबडतोब ईसीजी, आणि ताजा नमुना. ईसीजीत बदल असतील तर मात्र ताज्या नमुन्याची वाट पाहायची नाही.

नमुना नेहमी दुसऱ्या हाताच्या शिरेतून. दुसरी शीरच नसेल आणि लाईनमधूनच घ्यावा लागला तर दुसऱ्या ल्युमेनमधून, टीपीएन काही मिनिटं थांबवून, फ्लश करून, पहिलं रक्त टाकून. आणि फॉर्मवर तसं लिहून. लॅबने ‘नमुना दुधाळ’ असं कळवलं तर ते वाचून सोडून देऊ नका. फार चरबी असलेल्या नमुन्यात सोडियम खोटं कमी दिसू शकतं.

बॅग आणि लाईन

बॅग फ्रिजमधून तासभर आधी काढायची. उबवण्यासाठी गरम पाणी किंवा मायक्रोवेव्ह नाही. लावण्याआधी दोघींनी नाव, नोंदणी क्रमांक, मिश्रण, मुदत आणि रेट ऑर्डरशी ताडून पाहायचं. मग बॅग उजेडात धरून हळूच उलटीसुलटी करायची. वर पांढरट साय जमलेली असेल आणि हलवल्यावर पुन्हा एकजीव होत असेल तर इमल्शन (पाण्यात एकजीव केलेली चरबी) अजून फुटलेलं नाही, पण वापरण्याआधी फार्मासिस्टला दाखवा. पिवळसर तेलाचे थेंब किंवा रेघा बॅगेच्या कडेला दिसल्या तर इमल्शन फुटलंय, बॅग परत. कॅल्शियम-फॉस्फेटचा साका मात्र दुधाळ बॅगेत डोळ्यांना दिसतच नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा साक्यामुळे झालेल्या मृत्यूंनंतर इशारा दिला होता. म्हणून मिसळण्याचा क्रम आणि प्रमाण फार्मासिस्टच्या हाती राहू द्यायचं, आणि लाईनवर १.२ मायक्रॉनचा फिल्टर लावायचा. फिल्टर तुंबला तर तो काढून टाकून पुढे चालू ठेवू नका. तुंबण्याचं कारण बॅगेत असू शकतं.

बॅग चोवीस तासांहून जास्त टांगायची नाही, आणि सेटही बॅगेबरोबर बदलायचा. हब (लाईनचं जोडायचं तोंड) अल्कोहोलने किमान पंधरा सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. ओलं असतानाच जोडलं तर घासण्याचा निम्मा उपयोग जातो. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉजचं दोन दिवसांनी, आणि सुटलं किंवा भिजलं तर लगेच. दर शिफ्टला लाईनची जागा पाहायची आणि दाबून दुखतं का ते विचारायचं. त्या बाजूचा हात किंवा मान सुजली तर शिरेत गुठळी आहे का हे सोनोग्राफीने पाहायचं.

बॅग मागे पडली म्हणून रेट वाढवून भरपाई करायची नाही. राहिलेलं राहू द्यायचं, आणि किती राहिलं ते लिहायचं.

ताप आला तर

३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, थंडी वाजणं, आणि विशेषतः बॅग जोडल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तर टीपीएन थांबवा. दुसऱ्या शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज त्याच रेटने सुरू करा, नाहीतर शुगर पडते. मग कल्चरच्या (रक्तात जंतू वाढतात का ते पाहण्याच्या तपासणीच्या) दोन जोड्या: एक लाईनमधून, एक हाताच्या शिरेतून, एकाच वेळी, सारख्या प्रमाणात रक्त घालून, बाटल्यांवर कुठली कोणती ते लिहून. लाईनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह आली तर संसर्ग लाईनचा. उतरवलेली बॅग आणि सेट फेकू नका, मायक्रोबायोलॉजीला विचारून ठेवा.

लाईन तडकाफडकी ओढून काढू नये. ताप फुप्फुसातून किंवा जखमेतूनही आलेला असतो आणि नवी लाईन घालणं सोपं नसतं. मात्र रुग्ण शॉकमध्ये असेल, कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा कॅन्डिडा आला, किंवा लाईनच्या जागी पू असेल तर ती काढायचीच.

आठवड्यावर गेल्यावर

रुग्ण स्थिरावला की इलेक्ट्रोलाइट्स आठवड्यातून दोनदा, लिव्हर फंक्शन एक-दोनदा, ट्रायग्लिसराइड एकदा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर चरबी कमी किंवा बंद, आणि प्रोपोफॉलचा हिशोब पुन्हा. झिंक आणि कॉपर दोन ते चार आठवड्यांनी, नेहमी सीआरपीच्या जोडीने. सीआरपी चढलेला असताना झिंक कमी आणि कॉपर जास्त दिसणारच. फिस्टुला (आतड्याला पडलेली भलतीच वाट) किंवा जुलाबातून झिंक वाहून जातं, ते वाढवून द्या. कावीळ असेल तर मँगनीज कमी करा, ते पित्तातून बाहेर पडतं आणि साचलं तर मेंदूत जाऊन बसतं. अल्ब्युमिन पोषणाचा आकडा म्हणून वापरू नका. ते सूज आणि संसर्गाने पडतं. त्यासाठी प्रथिनं वाढवत बसलं तर फक्त युरिया चढतो.

लिव्हरचे एन्झाइम्स चढू लागले की सगळ्यात आधी एकूण ऊर्जा तपासा, जास्त भरणं हे नेहमीचं कारण असतं. मग संसर्ग, औषधं, पित्ताशयातला गाळ. आतड्यात ताशी १० ते २० मिलिलिटर जरी फीड जाऊ शकत असेल तरी ते सुरू करा. त्यानंतर टीपीएन चोवीस तासांऐवजी बारा ते सोळा तासांत देण्याचा विचार करा; तेव्हा शुगर मधल्या वेळी आणि बंद केल्यावर एक तासाने पाहायची.

बंद करताना

तोंडाने किंवा नळीने गरजेच्या निम्म्यापर्यंत जायला लागलं की बॅग तेवढीच कमी करत आणा, ६० टक्क्यांच्या पुढे स्थिर राहिलं की बंद करा. दोन्ही पूर्ण चालू ठेवले तर रुग्णाला दुप्पट जातं आणि भूकही मरते. किती खाल्लं हे ताट परत जाताना पाहून लिहायचं, वाढलं किती यावरून नाही. शेवटच्या बॅगेचा रेट एक-दोन तास निम्मा करून मग थांबवा, तासाभराने बोटाची शुगर घ्या. बॅगेत किंवा वेगळ्या पंपाने इन्सुलिन चालू होतं का हे त्याच वेळी पाहा. टीपीएन बंद आणि इन्सुलिनचा पंप चालू ही चूक शिफ्ट बदलताना होते. दुसऱ्या कशासाठी लागत नसेल तर लाईन त्याच दिवशी काढा. आठवड्याचं वजन आणि एकदा फॉस्फेट-मॅग्नेशियम पुढच्या वॉर्डच्या नोंदीत लिहून द्या, ते कोण पाहणार त्याच्या नावासकट.